एका लग्नात दोन मध्यस्थ

बडोद्याच्या मांजलपूरहून एका संशोधक विद्यार्थिनीनं विचारलंय: "माझा विषय कंपनीतल्या साहेबांचं वागणं आणि हाताखालच्यांचा नोकरी सोडण्याचा विचार. प्रबंध इंग्रजीत आहे, पण आमच्या मंडळात मराठीत बोलायचंय. 'मीडिएटर' आणि 'मॉडरेटर' दोन्हींना मी 'मध्यस्थ' म्हटलं, तर आई म्हणाली, एका लग्नात दोन मध्यस्थ कशाला? कुठले शब्द वापरू?"

आईंनी नेमकं बोट ठेवलंय. तुम्ही मात्र फार मनाला लावून घेऊ नका. हा घोळ इंग्रजीत लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचाही होत होता, म्हणून तर बॅरन आणि केनी यांना १९८६ मध्ये या दोन शब्दांतला फरक सांगायला अख्खा लेख लिहावा लागला. तो लेख आजही संशोधक उद्धृत करतात.

शब्दांकडे जाण्याआधी दही लावू. दुधात विरजण घातलं (शेजारच्या गुजराती काकी त्याला मेळवण म्हणतात) की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दूध घट्ट होतं. विरजण, मग आम्ल, मग दही. आम्ल विरजणातून निर्माण होतं आणि पुढे दही घडवतं. ते झालंच नाही तर दही लागणार नाही. हा तुमचा मीडिएटर. आता ऊब घ्या. बडोद्यात मे महिन्यात सकाळी लावलेलं दही दुपारी आंबून जातं, जानेवारीत तेच भांडं रात्रभर गोधडीत गुंडाळावं लागतं. ऊब काही विरजणातून आलेली नाही. ती बाहेर उभी राहून विरजणाचा जोर किती चालेल ते ठरवते. हा मॉडरेटर.

मराठीत हा फरक नामापेक्षा वाक्य जोडणाऱ्या शब्दांत चांगला दिसतो, असं माझं मत. मीडिएटरच्या वाक्यात 'मार्फत' बसतं, मॉडरेटरच्या वाक्यात 'असेल तर'. अर्ज विभागप्रमुखांमार्फत जातो. साहेब जागेवर असतील तर लवकर जातो. 'मार्फत' मूळचा अरबी, गुजरातीतही 'मारफत' आहेच, त्यामुळे बडोद्यात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. तो एरवी बहुधा माणसांना नाहीतर संस्थांना लागतो. तुमचा मीडिएटर समजा साहेबांवरचा विश्वास असेल, तर 'विश्वासामार्फत' म्हणताना जिभेला जरा खडा लागेल; पण ही चाचणी आहे, प्रबंधाचं वाक्य नव्हे.

आता नामं. 'मध्यस्थ' मीडिएटरसाठी रूढ होतोय, पण मला तो पुरता पटत नाही. आपला मध्यस्थ दोन्ही पक्षांबाहेरचा असतो, समेट घडवतो. संख्याशास्त्रातला मीडिएटर एकापासून जन्मतो आणि दुसऱ्याला जन्म देतो. त्याला तटस्थ कसं म्हणायचं? 'मधला दुवा' म्हणा. साधा आहे, साखळीचं चित्रही येतं.

मॉडरेटरचं दुखणं मोठं. अणुभट्टीतल्या मॉडरेटरला हिंदीत 'मंदक' म्हणतात, तिथे तो न्यूट्रॉनचा वेग कमी करतो म्हणून. आपला मॉडरेटर संबंध मंद करील, वाढवील, कधी उलटाही करील. 'नियामक' म्हटलं की वीजदर ठरवणारा आयोग आठवतो. खरा चपखल शब्द न्यायशास्त्रात (कोर्टातल्या नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) आहे: 'उपाधी'. विस्तव तिथे धूर, हे सरसकट खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. सरपण ओलं असेल तरच धूर. ती ओल म्हणजे उपाधी. काय सुरेख शब्द आहे! पण बडोद्यात उभं राहून तुम्ही 'माझ्या अभ्यासात एक उपाधी आहे' म्हणालात, तर 'बहु उपाधी छे' (फार कटकट आहे) रोज ऐकणारे श्रोते तुमचीच काळजी करू लागतील. तेव्हा नाइलाजानं: लिहिताना 'नियामक चल' (चल म्हणजे बदलणारी राशी, व्हेरिएबल), बोलताना सरळ 'अट'.

दोन्ही एकत्र पाहायचे तर तुमच्याच क्षेत्रातलं हॅकमन आणि ओल्डहॅम यांचं १९७६चं प्रारूप घ्या. कामात वैविध्य असलं, स्वायत्तता असली, काम कसं झालं ते कळत असलं, की माणसाला वाटतं: हे मोलाचं आहे, याची जबाबदारी माझी आहे, याचं फळ मला दिसतंय. त्या वाटण्यामार्फत उत्साह येतो. हा दुवा. आणि वाढण्याची, शिकण्याची ओढ मुळात असेल तर हे सगळं जास्त जोरात चालतं. ही अट.

गणितातही दोघांची घरं वेगळी. अट तपासायला मूळ कारण आणि अट या दोन चलांचा गुणाकार करून तो समीकरणात घालतात आणि अट बदलल्यावर रेषेचा उतार बदलतो का ते बघतात. दुव्यासाठीही गुणाकारच, पण तो दोन परिणामांचा: साहेबापासून विश्वासापर्यंतचा आणि विश्वासापासून नोकरी सोडण्यापर्यंतचा. मग चिठ्ठी काढून परत डब्यात टाकावी तसे जमवलेल्या उत्तरांतूनच हजारो नमुने उचलून तो गुणाकार शून्यापासून दूर राहतो का ते पाहायचं. याला बूटस्ट्रॅप म्हणतात. कृपा करून त्याचं 'बुटाची नाडी' करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. 'मार्फत' शब्दात आधी आणि नंतर आहे. साहेबाचं वागणं, विश्वास आणि नोकरी सोडण्याचा विचार, तिन्ही तुम्ही एकाच दुपारी एकाच प्रश्नावलीत विचारले असतील, तर आकडे कितीही गोड आले तरी आधी काय हे त्यांतून कळत नाही. नोकरी सोडायचं मनात आल्यावरही साहेब वाईट दिसू लागतो. काही आठवड्यांच्या अंतरानं तीनदा विचारलं असेल तर 'मार्फत' म्हणायला निदान आधार मिळतो. नाहीतर मंडळात 'यांचा संबंध दिसतो' एवढंच म्हणा.

आणि तुमच्या प्रबंधात 'मॉडरेटेड मीडिएशन', म्हणजे दुव्यालाच लागलेली अट, असेलच, हल्ली असतंच. त्याला नाव शोधत बसू नका, वाक्य करा: साहेबांच्या वागण्यानं विश्वास उडतो, विश्वास उडाला की माणूस नोकरी सोडायचं मनात आणतो, आणि बाहेर दुसरी नोकरी मिळण्याजोगी असेल तर फारच लवकर. आधी आईंना ऐकवून बघा.