वाचक विचारतात: रुक्मिणीचं कॉमिक काढू काय?

प्रश्न: ताई, मी आर्वी तालुक्यातला, बीए फायनलला. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर आमच्यापासून जवळच, म्हणून महदंबेचे धवळे, म्हणजे तिच्या लग्नाची जुनी गाणी, वाचले आन् वाटलं रुक्मिणीच्या लग्नाचं कॉमिक काढावं. पण धवळे जसेच्या तसे टाकले की पोट्टे पान पलटवतात, काढून टाकले तर उरते काय? जपानवाल्यांनी हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी पुस्तकाची मांगा, म्हणजे त्यांचं कॉमिक, केली म्हणतात, ते कसं जमवलं?

उत्तर: भाऊ, ते पुस्तक म्हणजे ‘गेंजी मोनोगातारी’, राणीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबूनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं, 54 प्रकरणं आन् मधामधात जवळपास 800 कविता! यामातो वाकी बाईंनी 1979 ला त्याची मांगा सुरू केली, ‘असाकी युमे मिशी’, ती संपता संपता 1993 उजाडलं, म्हणजे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत होईल ह्या भरवशावर राहू नको.

पहिला घोळ चेहऱ्यांचा. त्या दरबारातल्या बाया भुवया काढून टाकत, दात काळे करत, आन् बाराव्या शतकातल्या गेंजीच्या चित्रांत तर सगळ्यांना डोळा म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे हुक. कोण कोणती, काय कळते? मांगात डोळे मोठे झाले, भुवया परत आल्या. मले तर ही लबाडी माफ वाटते.

आता कविता. गेंजी, म्हणजे कथेचा नायक, राजाचा पोरगा, आजारी दाईला भेटायला जाते, तर शेजारच्या साध्याशा घराच्या कुंपणावर पांढरी फुलं, युगाओची, म्हणजे आपली लवकीच बाप्पा, सांजेला फुलते म्हणून तिकडं नावच ‘संध्याकाळचा चेहरा’. त्याचा माणूस फूल तोडायला जाते तर आतून एक पोर येते, हातात वास मुरलेला पांढरा पंखा, म्हणते यावर ठेवून न्या. मग गेंजी पंखा पाहते तर त्यावर कविता लिहिलेली. इथं अर्थ चौकटीत कोंबायची गरजच नाही, पंखा काढ, वळणदार अक्षर काढ, वाचणाऱ्याचं तोंड काढ. त्या दरबारात कविता म्हणजे चिठ्ठी, आपलं व्हॉट्सअॅप समज, उत्तर येईस्तोवर जीव टांगणीला.

तुझे धवळे मात्र चिठ्ठी नाहीत, ते गायचे. रिद्धपूरला महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या खेळात महदंबेनं ते रचून म्हटले असं त्या पंथाचे लोक सांगतात. मग गाणाऱ्या बायाच काढ ना, दोनचार ओळी ठेव आन् ती ओळ एका चौकटीतून दुसरीत वाहू दे. बाकीचं कथेत मुरव.

आन् चिठ्ठी पाहिजेच असंल तर रुक्मिणीनं कृष्णाला धाडलेली पत्रिका हायेच की, ब्राह्मणाच्या हाती दिलेली. तिथूनच सुरू कर. पहिली चार पानं झाली की पाठव, काळंपांढरं चालते, रंगात वेळ घालवू नको.