मोनॅकोचा निकाल शनिवारीच लागतो, मग रविवारची शर्यत कशाला बघायची?

तुम्ही विचारलंय: “२०२५ च्या मोनॅको ग्रां प्रीचा, म्हणजे तिथल्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीचा निकाल पाहिला. नॉरिस, लक्लेर, पियास्त्री, व्हर्स्टॅपन. सुरुवातीला चौघे ज्या क्रमाने उभे होते त्याच क्रमाने शेवटी आले. ७८ फेऱ्यांत काही घडलंच नाही का? असल्या निकालात बघायचं तरी काय?”

भरपूर घडलं. तुम्ही निकालाचा डावीकडचा रकाना वाचलात, नावांचा. शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत, आणि मोनॅकोत तर नक्कीच, खरी गोष्ट उजवीकडच्या रकान्यात असते. तिथे प्रत्येक जण पहिल्यापेक्षा किती मागे राहिला ते लिहिलेलं असतं. मला या आकड्यांचं वेड आहे. शर्यत संपली की मी आधी तो रकाना उघडतो आणि मग हव्या त्या फेऱ्या पुन्हा बघतो. तुमच्याच निकालावर हे करून बघू.

लँडो नॉरिस पहिला. शार्ल लक्लेर ३.१३१ सेकंद मागे, ऑस्कर पियास्त्री ३.६५८ सेकंद मागे. मॅक्स व्हर्स्टॅपन २०.५७२ सेकंद मागे आणि लुईस हॅमिल्टन ५१.३८७ सेकंद मागे. सहावा, सातवा आणि आठवा एकेक फेरी मागे. नववा आणि दहावा दोन-दोन फेऱ्या मागे.

आता त्या २०.५७२ वर थांबा. व्हर्स्टॅपन तिसऱ्यापेक्षाही सतरा सेकंदांनी हळू होता, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात शर्यतीच्या उत्तरार्धात कितीतरी वेळ तो सगळ्यांच्या पुढे होता. त्या वर्षी फक्त मोनॅकोसाठी एक खास नियम आणला होता: प्रत्येकाने टायरचे किमान तीन संच वापरायचे, म्हणजे निदान दोनदा पिटमध्ये, रस्त्याकडेच्या टायर बदलायच्या जागेत, यायचं. नॉरिसने दोन्ही थांबे उरकले होते, व्हर्स्टॅपनचा एक बाकी होता. कुठेतरी अपघात होईल, लाल झेंडा फडकेल, शर्यत थांबेल आणि आपल्याला उभ्या उभ्या टायर बदलता येतील, या एकाच आशेवर तो जुन्या टायरवर फिरत राहिला. झेंडा फडकला नाही. शेवटून दुसऱ्या फेरीच्या अखेरीस तो नाइलाजाने पिटमध्ये वळला. मोनॅकोच्या पिट लेनमध्ये ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि एका थांब्याला साधारण वीस सेकंद जातात. हेच ते २०.५७२.

आणि वरचे ३.१३१ आणि ३.६५८? तेही त्याच गोष्टीचं दुसरं टोक. पुढे व्हर्स्टॅपन जुन्या टायरवर हळू चाललेला, त्याच्या मागे नॉरिस, आणि नॉरिसच्या मानगुटीवर लक्लेर. नॉरिसला व्हर्स्टॅपनला मागे टाकायची गरजच नव्हती, तो कधीतरी वळणारच होता. पण तोवर मागचा लक्लेर आरशात मोठा होत होता. त्या फेऱ्या मी श्वास रोखून बघितल्या. क्रम एकदाही बदलला नाही, तरी नॉरिसच्या हातून एक छोटीशी चूक झाली असती तर विजेता बदलला असता. निकालात त्या सगळ्याची खूण म्हणून एवढे दोन आकडे उरले आहेत.

मागे टाकता का येत नाही, हे एकदा नीट सांगतो. मोनॅकोची एक फेरी ३.३३७ किलोमीटरची आहे. ७८ फेऱ्या मिळून २६०.२८६ किलोमीटर होतात. बाकी शर्यतींना निदान ३०५ किलोमीटरचा दंडक असतो, यातून सूट फक्त मोनॅकोला. पहिली शर्यत १९२९ साली झाली. तेव्हा बुगाटीतून विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स जिंकला होता. रस्ते जवळपास तेच राहिले आणि गाड्या वाढत गेल्या. २०१७ ते २०२५ या काळात गाडीची रुंदी दोन मीटर होती, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास. अशा दोन गाड्या हॉटेलसमोरच्या त्या चिमट्यासारख्या वळणावर शेजारी शेजारी आणा म्हटलं तर पुढच्याच्या मर्जीशिवाय ते होणारच नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर ब्रेक लावायची एक जागा आहे. तिथे पुढच्याने आतली बाजू धरून ठेवली की तीही संधी गेली. म्हणून शनिवारच्या पात्रता फेरीला एवढी किंमत, रविवारी कोण कुठून निघणार ते तिथल्या वेळेवर ठरतं. नॉरिसने त्या दिवशी १ मिनिट ९.९५४ सेकंदांत फेरी मारली, या रस्त्यांवर ७० सेकंदांच्या आतली पहिलीच. रविवारचा निम्मा विजय त्या फेरीत होता, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल माझा वाद आहे.

कारण आता खालच्या ओळी बघा, “एक फेरी मागे”, “दोन फेऱ्या मागे”. सहावा इझाक हाजार, आठवा लियाम लॉसन, दोघे एकाच संघाचे. नववा ॲलेक्स आल्बन, दहावा कार्लोस साइन्झ, हे दोघेही एकाच संघाचे, विल्यम्सचे. साइन्झसारखा ड्रायव्हर आणि चांगली धावणारी गाडी, मग दोन फेऱ्या मागे कसा?

ते मुद्दाम हळू चालवत होते. लॉसनने आपल्या मागची सगळी रांग दाबून धरली. वळणावळणावर वेग काढून घेतला, पण मागच्याला घुसायला जागा मिळेल एवढी ढिलाई कुठेच ठेवली नाही. त्यामुळे पुढे गेलेल्या हाजारला मोकळी जागा मिळाली, आणि शर्यतीच्या पहिल्या टप्प्यातच दोन्ही थांबे उरकून तो आपली जागा जवळपास न गमावता परत आला. पाचव्या जागेवरून निघून सहावा. त्याचं हे पहिलंच वर्ष होतं. ही युक्ती मग विल्यम्स संघाने उचलली: एकाने रांग अडवायची, दुसऱ्याने टायर बदलून यायचं, मग अदलाबदल. या सगळ्याच्या मागे जॉर्ज रसेल अडकला. शनिवारी त्याची गाडी बोगद्यात बंद पडली होती, म्हणून तो चौदाव्या जागेवरून निघाला होता. फेऱ्यामागून फेऱ्या आल्बनच्या मागे रखडल्यावर त्याने बोगद्यानंतरच्या वळणात सरळ रस्ता कापला आणि पुढे निघून गेला. दहा सेकंदांची शिक्षा होईल, ती सोसू, असा त्याचा हिशेब होता. पंचांनी त्याला पिट लेनमधून जायची शिक्षा दिली. तो अकरावा आला आणि गुणांच्या बाहेर राहिला.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. शनिवारी पात्रता फेरीत हॅमिल्टनने व्हर्स्टॅपनची वाट अडवली म्हणून त्याला तीन जागा मागे ढकललं, चौथ्यावरून सातव्यावर. रविवारी तेच अडवणं अख्ख्या रांगेला केलं तरी नियमात बसतं. मी लॉसनला दोष देत नाही. अशा रस्त्यावर, कुणाला धडक न देता, मागे चिडलेली रांग घेऊन हळू चालवणं हेही कौशल्याचंच काम आहे. पण दोन सक्तीच्या थांब्यांनी शर्यत रंगतदार होईल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी ते नववं-दहावं स्थान आणि त्यापुढच्या “दोन फेऱ्या” जरूर बघाव्यात. शर्यतीनंतर साइन्झ आणि आल्बन दोघेही नाखूश होते, हे मला बरं वाटलं.

हा नियम आला कुठून, ते कळायला आदल्या वर्षाचा निकाल काढा. २६ मे २०२४. पहिले दहा जण ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने आले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. पहिल्याच फेरीत चढावर सर्जिओ पेरेझ आणि हास संघाच्या दोन्ही गाड्यांचा मोठा अपघात झाला, लाल झेंडा लागला, आणि थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले. एका थांब्याची सक्ती तिथेच संपली. मग उरलेली जवळजवळ सगळी शर्यत टायर सांभाळत रांगेत.

तुमच्या मोजमापाने ही सगळ्यात कंटाळवाणी शर्यत ठरेल. मी तीही शेवटपर्यंत बघितली, कारण पुढे होता शार्ल लक्लेर, त्याच गावात जन्मलेला आणि वाढलेला. २०२१ मध्ये पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळूनही त्याची गाडी सुरुवातीच्या जागेपर्यंत पोहोचली नाही. आदल्या दिवशी पात्रता फेरीत ती कठड्यावर आदळली होती, रविवारी ऐन वेळी डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्ट गेला. २०२२ मध्ये पुन्हा पोल, पण पिटच्या गोंधळात चौथा. मोनॅकोचा माणूस मोनॅकोत जिंकला होता तो थेट १९३१ साली, लुई शिरॉन. अशा माणसाला ७८ फेऱ्या हळूहळू, टायर जपत, मागे पियास्त्रीला ठेवून काढायच्या होत्या. ७.१५२ सेकंदांनी तो जिंकला. क्रम न बदलण्यातही एवढा ताण असू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

अंतराचा रकाना किती बोलतो, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९९२ चं: आयर्टन सेना पहिला, नायजेल मॅन्सेल ०.२१५ सेकंद मागे. मॅन्सेलने त्या वर्षीच्या आधीच्या पाचही शर्यती जिंकल्या होत्या आणि इथेही तोच पुढे होता. शेवटच्या काही फेऱ्या राहिल्या असताना चाकात गडबड वाटून तो पिटमध्ये आला, नवे टायर घेऊन बाहेर पडला आणि सेनाला झपाट्याने गाठलं. गाठलं, पण ओलांडता आलं नाही. सेनाच्या सहा मोनॅको विजयांतला हा एक. ते शेवटचं चित्रण मिळालं तर मॅन्सेलची गाडी बघा, डावीकडून डोकावते, उजवीकडून डोकावते आणि दोन्हीकडे जागा नसते.

गुणांचा रकानाही कधी कधी दगा देतो. १९८४ साली पावसामुळे शर्यत ३१ फेऱ्यांवरच थांबवली आणि अर्धे गुण दिले. आलाँ प्रोस्ट पहिला आला, नवाऐवजी साडेचार गुण मिळाले. मागून सेना, टोलेमनसारख्या साध्या गाडीतून, फेरीगणिक जवळ येत होता. वर्षाच्या शेवटी निकी लाउडा ७२ गुण, प्रोस्ट साडेएकाहत्तर. शर्यत पूर्ण चालली असती आणि सेनाने त्याला मागे टाकलं असतं, तरी दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण मिळून जगज्जेतेपद प्रोस्टचं झालं असतं. एवढं सगळं त्या एका साडेचारच्या आकड्यात आहे.

आणि शनिवारीच निकाल लागतो म्हणता, तर १९९६ चा कागद आधी बघा. पोलवर मायकेल शूमाखर, फेरारीतलं पहिलं वर्ष. ओल्या रस्त्यावर त्याला एक फेरीही पुरी करता आली नाही, पोर्तिएच्या वळणावर कठड्याला लागला. पहिल्याच फेरीत पाच गाड्या बाद झाल्या. पुढे डेमन हिल निवांत आघाडीवर असताना बोगद्यात इंजिन गेलं. मग जाँ आलेसी पुढे आला, त्याचं सस्पेन्शन गेलं. ऑलिव्हिए पानिस चौदाव्या जागेवरून निघाला होता. रस्ता वाळताना त्याने वेळेवर कोरड्याचे टायर घेतले, एडी अर्व्हाइनला त्या चिमट्याच्या वळणावर आतून घुसून मागे टाकलं (हो, तिथेही जागा काढली त्याने) आणि जिंकला. लिजिए संघाचा १९८१ नंतरचा पहिला विजय, पानिसचा आयुष्यातला एकमेव. दोन तासांची मर्यादा संपल्यामुळे ७५ फेऱ्यांवर झेंडा दाखवला गेला. दुसरा आलेल्या डेव्हिड कुल्थार्डच्या डोक्यावर शूमाखरचं हेल्मेट होतं, कारण त्याच्या स्वतःच्या हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत होती.

त्या निकालात तळाला जा. झेंड्याखालून धावत आलेल्या गाड्या तीनच: पानिस, कुल्थार्ड, जॉनी हर्बर्ट. चौथा फ्रेंटझेन शेवटच्या फेरीत पिटमध्येच थांबला. तरी क्रम सात जणांना दिलेला दिसेल, कारण विजेत्याच्या नव्वद टक्के फेऱ्या झाल्या असतील तर गाडी बंद पडली तरी क्रमांक मिळतो. पाचवा मिका सालो आणि सहावा मिका हॅकिनेन यांच्या नावापुढे ७५ ऐवजी ७० फेऱ्या आहेत. अर्व्हाइनची गाडी गिरकी घेऊन रस्त्यात आडवी आली आणि हे दोघे तिच्यावर आदळले. तिन्ही गाड्या तिथेच राहिल्या. तेव्हा पहिल्या सहांना गुण मिळायचे, त्यामुळे सालोला दोन आणि हॅकिनेनला एक गुण मिळाला, गाडी सोडून चालत परतल्यावर.