काजवे पाहायला जावे की न जावे?

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दरवर्षी भंडारदरा परिसरात काजवे पाहायला जातो. गर्दीमुळे काजव्यांचे नुकसान होते, म्हणून यंदा जाऊ नये असे मुलगी म्हणते. पण पर्यटक गेले नाहीत तर गावकऱ्यांचे उत्पन्न बुडेल. शिवाय आमच्या एका गाडीने असा काय फरक पडणार? – एक वाचक, पुणे

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते. गाड्यांच्या दिव्यांच्या आणि टॉर्चच्या झोतात ती खूण हरवते, आणि प्रौढ काजव्याचे आयुष्यच मोजक्या आठवड्यांचे असल्यामुळे हुकलेली रात्र भरून निघणे कठीण असते. अंडी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात घातली जातात, म्हणजे झाडाखाली गर्दीने तुडवली जाते ती पुढच्या वर्षांची पिढी.

‘एका गाडीने काय फरक पडणार’ हा परिणामांचा हिशेब आहे. मात्र शनिवारी रात्री तिथे येणारा प्रत्येक जण तोच हिशेब मांडून निघालेला असतो. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा अशी इच्छा आपण करू शकतो का, ही कसोटी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये मांडली, आणि तुमची सबब तिच्यावर टिकत नाही.

उत्पन्नाचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ मध्ये चिलीतील सांतियागो येथे स्वीकारलेल्या आचारसंहितेत पर्यटनाच्या लाभात स्थानिकांना न्याय्य वाटा मिळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून तंबूची आगाऊ नोंदणी करण्यापूर्वी तो कोणाचा आहे, जेवण कोण रांधते आणि वाटाड्याला किती मिळतात, हे विचारा. पैसे बाहेरच्या आयोजकाकडेच जाणार असतील, तर गावाच्या नावाने दिलेले समर्थन आपोआप गळून पडते. आणि गावाने स्वतःच गाड्यांवर मर्यादा घातली असेल, तर ती गैरसोयीची वाटली तरी पाळणे हेच गावाच्या हिताचे आहे.

तेव्हा जाणे सोडू नका, जाण्याची रीत बदला. शनिवार-रविवार टाळा, गावातल्याच एखाद्या घरी उतरा, गाडी तिथेच ठेवून वाटाड्याबरोबर पायी निघा. फ्लॅश आणि मोबाइलचा दिवा बंद ठेवा आणि झाडाखाली न जाता वाटेवरच थांबा. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मुलीसोबत शांत उभे राहा.