वाचकांचे प्रश्न : चारही चाकं ओढणारी गाडी कोणती घ्यावी?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकड्यांच्या अंगाला. अठरा एकर वावर आहे. अकरा एकर काळं, सात एकर बरड. बरडात काही धड पिकत नाही, म्हणून मोठे बाबा आणि आम्ही मिळून तिथं तीन किलोमीटरची फिरायची वाट काढतो आहोत. इतवारी नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांना फोर व्हील ड्राइव्ह एटीव्हीवर (हँडल आणि जाड टायर असलेली, खडबडीत जागी चालणारी चारचाकी) फिरवायचं आणि बाकी दिवस त्याच गाडीवर खताच्या चुंगड्या, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या न्यायच्या, असा विचार आहे. एका विक्रेत्याने १२५ सीसीची नवी गाडी दाखवली. "फोर व्हील आहे" म्हणाला, किंमतही परवडते. दुसरी आहे एका रिसॉर्टने काढलेली ५०० सीसीची जुनी गाडी, पण ती पहिलीच्या तिपटीहून महाग. घरचे म्हणतात, नवी घे, जुनी डोकेदुखी कशाला? उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पावसाळ्यात वावरात बंडीसुद्धा रुतते. दगा देणार नाही अशी गाडी कोणती?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, नव्या गाडीचा बयाणा दिला नसेल तर आजच थांबा.

आपल्याकडे कारला सर्रास "फोर व्हीलर" म्हणतात, आणि या शब्दाचा फायदा विक्रेते घेतात. गाडीला चार चाकं असणं वेगळं आणि चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणं वेगळं. सुझुकीने १९८३ च्या मॉडेलची चार चाकांची एटीव्ही आणली तेव्हा तिची फक्त मागची चाकं ओढायची. होंडाची चारही चाकं ओढणारी फोरट्रॅक्स ३५० त्यानंतर, १९८६ मध्ये आली. म्हणजे हा फरक पहिल्यापासूनचा आहे. तुम्हाला दाखवलेल्या १२५ सीसीच्या वर्गातल्या गाड्या बहुतेक मागच्या साखळीवर चालतात. त्यांना लो गिअर (ओझं ओढायचा हळू, जोराचा गिअर) नसतो आणि समोरच्या चाकांकडे काहीच जात नसतं.

विक्रेत्याला विचारत बसू नका. गाडीखाली वाका आणि समोरच्या चाकाच्या आतल्या बाजूला पाहा. गाडीच्या मधून चाकाच्या केंद्राकडे जाणारा लोखंडी दांडा दिसला पाहिजे आणि त्याच्या दोन्ही टोकांना पेटीच्या भात्यासारखं घड्यांचं काळं रबर. दांडा नसेल तर ती फोर व्हील ड्राइव्ह नाही, बाजूला स्टिकर काहीही असो. तुमच्या बरडावरच्या सुट्या गोट्यांच्या चढावर अशी गाडी मागची चाकं फिरवत जागीच उभी राहील.

आता जुनी ५०० ची. माझा कल तिच्याकडे आहे, पण ती नीट तपासली तरच. मी वरोऱ्याला सव्वीस वर्षं ट्रॅक्टरचं काम करतो, गेली बारा वर्षं स्वतःची जुनी फोर बाय फोर, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, वावरात वापरतो आणि आजूबाजूच्या चार-पाच एटीव्ही माझ्याकडे येतात. तुम्ही गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. गरम इंजिन कसंही सुरू होतं.

पहिल्यांदा मीटर पाहा. या गाड्यांना किलोमीटरसोबत तासांचा मीटर असतो. किलोमीटरला तासांनी भागा. तीन हजार किलोमीटर आणि तीनशे तास निघाले, तर ती गाडी सरासरी दहाच्या वेगाने चालली आहे, म्हणजे ओझं ओढत, चिखलात, पाहुण्यांच्या हाताखाली. नुसता किलोमीटरचा आकडा पाहिला तर "कमी चाललेली" वाटते, आणि तिथंच माणूस फसतो.

मग एअर फिल्टर काढा. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घालून आतून पुसा. बोट स्वच्छ आलं पाहिजे. बोटाला बारीक पिवळसर धूळ लागली तर फिल्टर नीट बसवलेला नव्हता किंवा त्याला तेलच लावलेलं नव्हतं, आणि आपल्या उन्हाळ्याची धूळ सिलेंडरमध्ये गेली आहे. त्या गाडीत इंजिनचं काम निघेल असं धरून चाला. इंजिन ऑइल आणि समोरच्या डिफरन्शियलचं (समोरच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याचं) ऑइल, दोन्ही थेंबभर काढून पाहा. दूध मिसळल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे.

मागची चाकंही स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर चार एक्सल (वर सांगितले ते दांडे) आणि आठ रबरी बूट (त्यांच्या टोकांची घड्यांची रबरं) मोजायचे. प्रत्येक बूट हाताने दाबून, घड्या उघडून पाहायचा. बाभळीचा एक काटा बुटात शिरला की चिरेतून ग्रीस बाहेर आणि रेती आत. मग वळताना कट्‌-कट्‌ आवाज येऊ लागतो आणि पाठोपाठ अख्खा एक्सल जातो. बुटाचा खर्च थोडा, एक्सलचा फार. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला.

फोर व्हील चालते की नाही हे वावरातच बघायचं. समोरची दोन्ही चाकं धुऱ्याला टेकवा, मागची भुसभुशीत मातीत ठेवा, फोर व्हीलचं बटन दाबा आणि हळूच रेस द्या. समोरची चाकं धुरा खरडायला लागली पाहिजेत. काही गाड्यांत, पोलारिसमध्ये विशेषतः, मागची चाकं घसरायला लागल्यावरच समोरची आपोआप जोडली जातात, त्यामुळे अर्धा फेरा वाट बघावी लागेल. तेवढ्यावरून नाही म्हणू नका.

आता बेल्टबद्दल, कारण या प्रकारात सगळ्यात जास्त दगा तिथून होतो. होंडाच्या बऱ्याच एटीव्ही गिअरवर चालतात. बाकीच्या बहुतेकांत बिनगिअरच्या स्कूटरला असतो तसा, पण खूप जाड बेल्ट दोन पुल्यांमधून फिरतो. तो पुलीच्या दोन्ही बाजूंच्या दाबाने पकडला जातो. इंजिन मंद असताना दाब कमी, पकड सैल. तशात ओझं मोठं असलं की बेल्ट घसरतो आणि घसरला की तापतो. म्हणून ओझं ओढताना, चढावर, चिखलात लो गिअर टाकायचाच. लोमध्ये इंजिन जोरात फिरतं, पुली बेल्टला घट्ट धरते आणि चाक मात्र हळू चालतं.

हे मला एका जुलैने शिकवलं. शेजाऱ्याची खताची बंडी नाल्याच्या उतारावर रुतली होती, बैल गुडघ्यात आले होते. मी घाईत दोर बांधला आणि लोऐवजी हाय गिअरमध्येच ओढायला लागलो. पाच-सात मिनिटांत जळक्या रबराचा वास आला. बंडी निघाली, पण गाडी जागीच घुरघुरत उभी. घरी आणून बाजूचं झाकण उघडलं, तर पुलीभोवती काळ्या दोऱ्यांचा गुंता गुंडाळलेला. उललेल्या बोंडातून कापूस लोंबतो तसे बेल्टचे धागे बाहेर आले होते आणि पुलीच्या चकचकीत तोंडावर तापल्याचा निळसर डाग. नवा बेल्ट बाहेरून यायला एकोणीस दिवस लागले. ऐन फवारणीचे एकोणीस दिवस. तेव्हापासून एक बेल्ट, दोन एक्सल बूट त्यांच्या क्लिपांसह आणि एक फिल्टर मी कोठीत लोखंडी पेटीत ठेवतो. तुम्ही गाडीचा सौदा कराल तो या चार वस्तूंसकट करा. त्या मॉडेलचा बेल्ट आणि बूट जर विक्रेता आठवडाभरात समोर आणून दाखवू शकत नसेल, तर गाडी कितीही चांगली असो, घेऊ नका. दगा न देणारी गाडी मी तिलाच म्हणतो, जी बिघडल्यावर आपल्या जिल्ह्यात आठ दिवसांत पुन्हा उभी राहते.

उन्हाचं तुम्ही बरोबर ओळखलं. रेडिएटरवाली, पंखा असलेलीच घ्या. कमी वेगात गाडीला वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. तपासताना इंजिन उभ्या जागी चालू ठेवा आणि पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि कुसळं घट्ट बसतात. पाणी मारायचं ते मागून पुढे, आणि साध्या पाइपने. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जाळीचे पातळ पत्रे वाकवतो, मग हवाच जात नाही.

टायर काट्यांना पुरणारे, सहा प्लायचे (थरांचे) घ्या. आत पंक्चरचं द्रव घाला, गाडीत प्लगची पिशवी ठेवा. हवा किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं, साधारण पाच ते सात पीएसआय. पंपवाला सवयीने पंचवीस भरतो, आणि मग गाडी गोट्यांवर चेंडूसारखी उडते. ट्रकचा मीटर एवढी कमी हवा नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा मीटर घ्या.

काळ्या मातीचं मात्र मनावर घ्या. भर पावसात काळ्या वावरातून कोणतीच एटीव्ही सुखाने जात नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरते, आणि मग टायर गुळगुळीत लाडू होतो. चारही चाकं ओढत असली तर चारही लाडू फिरतात. वर ५०० सीसीची गाडी तीनशे किलोच्या आगेमागे असते, ती दोन माणसांनी हलत नाही. फिरायची वाट पूर्णपणे बरडातूनच काढा, काळ्याचा एक तुकडाही मध्ये घेऊ नका, आणि मोठ्या पावसानंतर दोन दिवस बंद ठेवा. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी चरखी) बसवून घ्या, तिला बांधायला वाटेवरची जाड झाडं आधीच हेरून ठेवा.

पाहुण्यांचा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. ५०० ची ती गाडी एकट्याची आहे की दोघांची, हे तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक एटीव्ही एकट्याच्या असतात. सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला मागे-पुढे सरकता यावं म्हणून. मागे पाहुणा बसवला की वजन मागच्या चाकामागे जातं, चढावर समोरची चाकं उचलतात आणि गाडी अंगावर येते. अमेरिकेत उलटण्याच्या अपघातांपायी तीनचाकी एटीव्हीची विक्री १९८८ मध्ये बंद करावी लागली. चारचाकी तिच्यापेक्षा स्थिर आहे, पण उंच आणि अरुंद तीही आहेच. कारखान्यातूनच दोघांसाठी बनलेली, लांब चाकांतराची गाडी असेल तरच मागे माणूस बसवा. नसेल तर पाहुणा एकटा चालवील, हेल्मेट घालून, आणि तुम्ही सोबत पायी चालाल एवढ्याच वेगाने.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक एटीव्हींची नोंदणीच होत नाही. ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारं पोलारिस स्पोर्ट्समन ५७० चं एक मॉडेल काही वर्षांपूर्वी आलं होतं. तुमच्या जुन्या गाडीला तसे कागद असले तर सोन्याहून पिवळं. नसले तर पांदण रस्त्यावरसुद्धा ती काढू नका, वावरातून वावरात नेण्यासाठी छोटा हत्ती सांगा. डांबरावर तर नकोच, कमी हवेचे टायर तिथं वळत नाहीत. आणि तुमच्या टेकड्यांच्या पलीकडे उमरेड-कऱ्हांडल्याचं अभयारण्य आहे, वाघ त्या बाजूने फिरतो. वनजमिनीच्या खांबापासून वाट चांगली आत ठेवा, आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी गाडी कोठ्यात.

घरच्यांना सांगा, जुनी घेतो आहे ती दांडा, बूट आणि बोट पुसून पाहिल्यावर. तपासणीत नापास झाली तर दोन्ही सोडून द्या. दिवाळीनंतर, कापूस घरात येईपर्यंत थांबलात तरी बरड कुठे जात नाही.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. माझ्या भावाच्या वावरात ४०० सीसीची फोर बाय फोर एटीव्ही आहे. भाऊ म्हणतो, ट्रॅक्टर चालवतो तर हीही चालवेल. चालवू द्यावी का?
— एक आई, आर्वी

उत्तर : ताई, नाही. ट्रॅक्टरही त्याच्या हाती द्यायला नको. मोठ्यांच्या एटीव्हीवर सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये असं स्टिकर असतं, ते बहुधा मडगार्डवर किंवा टाकीजवळ सापडेल, भावाला दाखवा. वळताना, आडव्या उतारावर ही गाडी हँडलपेक्षा अंगाच्या वजनाने सांभाळावी लागते. चढाकडच्या बाजूला सरकून तिला दाबून धरायला पुरेसं वजन आणि लांब हात लागतात, ते तुमच्या मुलाकडे अजून नाहीत. तेवढा तीन वर्षांचा धीर त्याला सांगा. तोवर गाडी धुणं, बूट तपासणं, हवेचा मीटर लावणं त्याच्याकडे द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका पोराने असंच पुसता पुसता समोरच्या डाव्या बुटाची चीर शोधून काढली होती, मोठ्यांच्या नजरेतून ती सुटली होती.