अर्जात ते मूल दिसू द्या

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याच्या पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्यांची पत्रं या वेळी घेतली आहेत. असे अर्ज मी बरीच वर्षं वाचत आले आहे, त्या अनुभवावरून ही उत्तरं.

प्रश्न : नऊ वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवते आहे. उद्देशपत्राची (हा अभ्यासक्रम का करायचा आहे, हे सांगणाऱ्या पत्राची) सुरुवात ‘मला मुलांची मनापासून आवड आहे’ अशी केली. मैत्रीण म्हणते, हे वाक्य खोडून टाक. का?

मैत्रिणीचं ऐका. तुमची आवड खरीच असणार, पण ते वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं आणि त्यातून तुम्ही कळत नाही. नऊ वर्षांत एखादं मूल असं भेटलं असेल, जे शाळा सुटल्यावरही तुमच्या डोक्यातून गेलं नसेल. त्याच्याबद्दल लिहा.

एका शिक्षिकेचा अर्ज मला अजून आठवतो. तिच्या वर्गातला एक मुलगा ‘पाखरू’ला ‘पावसाळा’ वाचायचा. पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं अंदाजानं ठोकून द्यायचं. आधी तिनं तो शब्द दहा वेळा लिहून घेतला. काही फरक पडला नाही. मग तिनं शब्दावर कागद ठेवला आणि एकेक अक्षर उघडत नेलं. ‘पा’ आलं, ‘ख’ आलं, ‘रू’ही आलं. पण तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचताना पहिलं त्याच्या हातून निसटलेलं असायचं. तिनं लिहिलं होतं, ‘त्याला अक्षरं येतात. ती जुळत का नाहीत, हे मला कळत नाही. तेच शिकायला येते आहे.’ दहा वेळा लिहून घेतल्याची चूकही तिनं लपवली नव्हती. तिच्या प्रवेशावर आम्हाला चर्चाच करावी लागली नाही.

म्हणजे मूल नेमकं कुठे अडलं, तुम्ही काय करून पाहिलं आणि तुमची गाडी कुठे थांबली, एवढं लिहा. मुलाचं नाव, शाळा, घरची परिस्थिती मात्र लिहू नका. त्याची ओळख उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न : वेगवेगळ्या देशांतले अभ्यासक्रम पाहते आहे. नावं सारखीच वाटतात, पण आतले विषय जुळत नाहीत.

गोंधळ नावातच आहे. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’, म्हणजे अध्ययन अक्षमता, ही संज्ञा अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी 1963 मध्ये शिकागोतल्या पालकांच्या परिषदेत मांडली आणि तिथे ती रुजली. तिथे तिचा अर्थ बुद्धिमत्ता चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडचण येणं. ब्रिटनमध्ये मात्र याच शब्दांचा अर्थ बौद्धिक अक्षमता असा होतो. डिस्लेक्सियासारख्या (वाचन-लेखनातल्या) अडचणींना तिथे ‘स्पेसिफिक लर्निंग डिफिकल्टीज’ म्हणतात. त्यामुळे नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडा.

त्या यादीत मी पहिल्यांदा वाचनाचा विषय शोधते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीनं 2000 मध्ये पाच गोष्टींवर भर दिला होता : शब्दातले ध्वनी ओळखणं, ध्वनी आणि अक्षराची सांगड, ओघवतं वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन. या पाचही पायऱ्या शिकवायच्या कशा, हे अभ्यासक्रमात असायलाच हवं. त्याउलट ‘पाहून शिकणारी मुलं, ऐकून शिकणारी मुलं’ अशा विभागणीवर सगळा डोलारा उभा असेल, तर दुसरीकडे बघा. त्या विभागणीप्रमाणे शिकवल्यानं मुलं जास्त शिकतात, याला पुरेसा आधार नाही, असं 2008 च्या एका मोठ्या संशोधन आढाव्यात दिसून आलं.

आणि प्रात्यक्षिक! अनुभवी शिक्षक शेजारी बसून तुमचा तास पाहतो का, नंतर त्यावर तुमच्याशी बोलतो का, हे लेखी विचारा. ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला असू शकतो, पण खऱ्या मुलासमोर न बसता हे काम कुणालाच येत नाही.

प्रश्न : हे प्रमाणपत्र मिळालं की मी मुलांचं निदान करू शकेन का? विशेष शिक्षकाची नोकरी मिळेल का?

निदान नाही. ते प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांचं आणि तज्ज्ञांचं काम आहे. मूल कुठे अडतं याची तुम्ही ठेवलेली नोंद त्यांना फार उपयोगी पडते, पण शिक्का तुम्ही मारायचा नाही.

नोकरीचं उत्तर जागेनुसार बदलतं. बऱ्याच ठिकाणी विशेष शिक्षकाला वेगळा परवाना लागतो आणि प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. त्यामुळे फी भरण्याआधी दोन ठिकाणी विचारा. जिथे काम करायचं आहे तिथल्या परवाना देणाऱ्या यंत्रणेला विचारा, हे प्रमाणपत्र चालेल का. विद्यापीठाला विचारा, यातले क्रेडिट पुढे पदव्युत्तर पदवीत धरले जातील का. ही उत्तरं हाती नसताना फी भरून पुढे पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका नाही. माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, सहा वर्षं तिचा अभ्यास घेते आहे. हा अनुभव धरतील का? शिफारसपत्र कुणाकडून घेऊ?

अनुभव मोलाचा आहे, जरूर लिहा. पण उद्देशपत्र मुलीच्या दुखण्यावरच संपू देऊ नका. तिच्यासोबत शिकलेलं दुसऱ्या मुलाला लागू पडेलच असं नाही, हे तुम्हाला उमगलंय, एवढं वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. त्यासाठी अर्जाआधी काही महिने एखाद्या वाचनवर्गात स्वयंसेवक म्हणून जा. तिथे तुम्हाला मुलांबरोबर काम करताना पाहिलेल्या व्यक्तीकडूनच शिफारसपत्र घ्या. मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाचं गुळमुळीत पत्र काही कामाचं नसतं. पत्र मागताना किमान महिनाभराचा अवधी द्या.

प्रश्न : पदवीला गुण कमी होते. पंधरा वर्षं झाली.

दोन वाक्यांत कारण सांगा आणि पुढे चला. नंतर केलेलं काम आणि एखादा अलीकडचा छोटा अभ्यासक्रम हेच तुमचं उत्तर. किमान गुणांची अट असेल, तर सवलत मिळते का हे आधीच विचारून घ्या.

प्रश्न : मला स्वतःला डिस्लेक्सिया आहे. अर्जात लिहू का? प्रवेश नाकारतील अशी भीती वाटते.

सांगायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. न सांगणं म्हणजे लबाडी नव्हे. सांगावंसं वाटलं, तर कोणत्या शिक्षकाच्या कोणत्या कृतीनं तुमचं वाचन सोपं झालं ते लिहा. किंवा कशानं ते आणखी अडलं ते. वर्गात बसलेल्या त्या मुलाला आतून काय वाटतं, हे तुम्ही जसं सांगू शकाल तसं आम्हाला सांगता येणार नाही.

परीक्षेत जादा वेळ किंवा ध्वनिरूपात पुस्तकं हवी असतील, तर त्याची मागणी सहसा प्रवेशानंतर वेगळ्या विभागाकडे करायची असते. तिथे तपासणीचा अहवाल लागतो, आणि तो फार जुना असेल तर नवा मागू शकतात. नव्या तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. तेव्हा जुना अहवाल आजच शोधून काढा आणि त्यावरची तारीख बघा.