मोदक फॉन्टच्या फटी बुजल्या की काय होतं

प्रश्न : मंडळाच्या फ्लेक्सला आम्ही 'मोदक' फॉन्ट घेतला, फुकट मिळतो आणि गणपतीला नावही जमून आलं. मोबाईलवर झकास दिसत होता, पण फ्लेक्स लागल्यावर रस्त्याच्या पलीकडून 'राष्ट्रीय' हा शब्द नुसता गोळा दिसतोय. डीटीपीवाल्याने अजून उठून दिसावं म्हणून त्याच रंगाची आउटलाईन पण टाकली होती. वार्षिक अहवालही ह्याच फॉन्टात छापावा का?
– एक कार्यकर्ता, सातारा

उत्तर : अहो, त्या आउटलाईननेच घात केला! मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा हा फॉन्ट आधीच इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ संपलीये, उरलीये ती बारीक पांढरी फट, आणि अक्षर ओळखायचं ते त्या फटीवरूनच. आता बघा, व च्या पोटात तिरकी रेघ मारली की ब होतो, प च्या पोटात मारली की ष, म्हणजे आतलं पांढरं बुजलं की ब काय न् व काय, सगळं एकच. तुमच्या 'राष्ट्रीय'मध्ये तर ष, त्याला ट, त्याच्या खाली र आणि डोक्यावर वेलांटी, एवढी गर्दी एकाच जागी, इंग्रजीत ही भानगडच नाही, तिथे अक्षरं आपली एकापुढे एक उभी.

आउटलाईन अक्षराच्या कडेवर बसते, निम्मी बाहेर निम्मी आत. समजा फट २ मिमीची आहे आणि तुम्ही २ मिमीची आउटलाईन दिली, तर दोन्ही बाजूंनी १-१ मिमी आत येतो आणि फट गायब. सावलीचंही तेच, गडद सावली फटीत उतरते. म्हणून आउटलाईन नको, सावली नको, अक्षर एकरंगी आणि मागचा रंग एकदम वेगळा (पिवळ्यावर केशरी करू नका, कितीही मंगल वाटलं तरी). अक्षरं अजून मोठी करा, शब्द कमी करा. 'मोरया', 'या बसा जेवा' असल्या दोन-तीन शब्दांत हा फॉन्ट जी मजा आणतो ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही, मिठाईच्या खोक्यावर, लहान मुलांच्या पुस्तकाच्या कव्हरवर तर फारच गोड दिसतो. श्रद्धांजलीच्या बोर्डावर मात्र कृपा करून नको, आमच्याकडे एकाने लावला होता, लोकांना कळेना रडावं का हसावं.

अहवाल? अजिबात नाही. ह्याला एकच वजन आहे, बारीक-जाड असं काही नाही, ११ पॉइंटला, म्हणजे आतल्या मजकुराच्या बारीक आकाराला, फटी शाईतच बुडतील. आतल्या मजकुराला ह्याच मंडळींचा 'मुक्त' घ्या, त्यात सात वजनं आहेत, मथळ्यांना 'बलू २' चालेल, दोन्ही फुकटच. आणि मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात (म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या) टाइप केलेला असेल तर नुसता फॉन्ट बदलून इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसेल, आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, आणि मग जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला.