कधीतरीच येणारा खडखडाट, आणि तोही सोमवारीच

प्रश्न : नमस्कार दादा. माझी हायब्रिड सेडान २०१४ची आहे, सेकंडहँड घेतलेली, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. मुलुंड ते बीकेसी रोजचं जाणं-येणं. दोन-तीन महिन्यांपासून असं होतंय की सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना इंजिन चालू झालं की एकदम खडखडखड आवाज येतो, आख्खी गाडी हादरते, स्टीअरिंगपण थरथरतं, आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं गप्प. मग दिवसभर काही नाही. रोज होत नाही, आठवड्यातून एकदा, तेही शक्यतो सोमवारी. वर्कशॉपमध्ये दोनदा नेली, दोन्ही वेळा 'मॅडम, काहीच आवाज नाही' म्हणून परत दिली, दुसऱ्या खेपेला प्लग बदलून बिल लावलं. आता म्हणतात ट्रान्समिशनच बदलावं लागेल. आकडा ऐकून रात्री झोप लागली नाही. आई म्हणते विकून टाक. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हे, की ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग, बदलायला अजिबात हो म्हणू नका, निदान पुढचं सगळं तपासून होईपर्यंत तरी नाही. ज्याने आवाज ऐकलेलाच नाही त्याने एवढं मोठं काम सांगायचं हे मला पटत नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द आहे 'सोमवारी'. तुम्ही तो सहज लिहून गेलात, पण शनिवार-रविवार गाडी उभी असते म्हणजे सोमवारी सकाळी इंजिन सगळ्यात जास्त वेळ थंड राहून चालू होतं, बरोबर? जो आवाज गाडी जास्त उभी राहिली की येतो आणि गरम झाल्यावर शोधूनही सापडत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा रात्रीत हळूहळू कुठेतरी काहीतरी झिरपण्यात असतं. सुटलेला नट-बोल्ट वार बघून वाजत नाही.

वर्कशॉपला आवाज का नाही मिळाला तेही समजून घ्या, त्यांना सगळा दोष देऊन चालणार नाही. तुम्ही मुलुंडहून गाडी चालवत नेली म्हणजे पोचेपर्यंत इंजिन गरम झालं. दुसरं म्हणजे साध्या गाडीत मिस्त्री चावी फिरवतो, बोनेटवर कान लावतो, झालं. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असतात, इंजिन कधी चालू करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, बॅटरीत चार्ज असेल तर मिस्त्री अर्धा तास उभा राहिला तरी इंजिन मिनिटभरसुद्धा चालेल याची खात्री नाही, एसीचा कॉम्प्रेसरही अशा बऱ्याच गाड्यांत विजेवर चालतो त्यामुळे एसी लावून इंजिन उठवायची जुनी युक्तीही कामी येत नाही. इंजिन सलग चालू ठेवायचा वेगळा मेंटेनन्स मोड असतो, तो ज्याला माहितीये त्याच्याकडेच गाडी न्या.

आता माझा संशय सांगतो. सिलिंडर हेड आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग, यांच्यामधे गळती रोखणारी जी हेड गॅस्केट असते ती एखाद्या ठिकाणी कमजोर झाली की इंजिन बंद केल्यावर कूलंटमधल्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातल्या, प्रेशरमुळे त्याचे थेंब सिलिंडरमधे उतरत राहतात. दोन-तीन रात्री गाडी उभी राहिली की चमचाभर साठतं. सकाळी इंजिन फिरतं तेव्हा त्या सिलिंडरमधे प्लग ओला, पेट्रोल पेटत नाही, एक सिलिंडर मेलेला आणि बाकीचे चालू, म्हणून गाडी हादरते. दहा-पंधरा सेकंदांत ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि सगळं शांत. आणि हायब्रिडमध्ये हा हादरा साध्या गाडीपेक्षा जास्त मोठा का वाटतो, तर बऱ्याच हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर नसतो, ट्रान्समिशनमधलीच एक मोटर इंजिनाला फिरवून चालू करते, आणि इंजिन आणि ट्रान्समिशनच्या मधे स्प्रिंगवाली डॅम्परची तबकडी असते. इंजिन लंगडायला लागलं की या स्प्रिंगा आपटतात, आणि खडखड तिथून ऐकू येते. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं ट्रान्समिशन गेलं. तुमच्या वर्कशॉपचं असंच झालं असावं असं मला वाटतं.

हे खरं की खोटं ते घरबसल्या अर्धं कळतं. बोनेट उघडा, सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, आणि गाडी बंद असताना, हे लक्षात ठेवा. 'रेडी'चा दिवा लागलेला असेल तर हायब्रिडचं इंजिन कुठल्याही क्षणी आपोआप चालू होऊ शकतं, तेव्हा ओढणी, हात, बांगड्या काही जवळ नको. बोनेट उघडलं की चावी घरात ठेवून या. बऱ्याच हायब्रिडमध्ये कूलंटच्या दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या यंत्राची, लोक नेमकी इन्व्हर्टरची बघतात आणि म्हणतात लेव्हल बरोबर आहे. मॅन्युअलमध्ये बघून इंजिनाची टाकी ओळखा, त्यावर मार्कर पेनने लेव्हलची रेघ मारा, शेजारी तारीख टाका. दर सोमवारी गाडी काढायच्या आधी बघा. खाली जमिनीवर डाग नाही आणि तरी रेघेपासून लेव्हल उतरतेय, म्हणजे कूलंट बाहेर नाही, आत चाललंय. झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

दुसरं काम, व्हिडिओ. नुसता आवाज रेकॉर्ड करून उपयोग नाही, डॅशबोर्डवर जी एनर्जी फ्लोची स्क्रीन असते, बाण इंजिनाकडून चाकाकडे, बॅटरीकडून मोटरकडे दाखवणारी, ती फ्रेममधे येईल असा फोन लावून ठेवा आणि मग गाडी चालू करा. म्हणजे आवाज आला त्या क्षणी इंजिन चालू होतं की नव्हतं हे कोणालाच नाकारता येणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या हायब्रिडच्या 'इंजिन आवाजां'मधे बरेच आवाज इंजिनाचे नसतातच, मागच्या सीटजवळचा बॅटरीचा पंखा असतो, त्याच्या जाळीत कुत्र्याचे केस, धूळ, एकदा तर वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा अडकलेला निघाला. घरातल्या कोणालातरी मागे उभं करून सायलेन्सरही बघायला सांगा, पांढरा धूर आणि किंचित गोडसर वास आला तर कूलंटच जळतोय असं धरून चाला. थंडीतल्या सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांना येते, पण मुंबईत मे महिन्यात वाफ दिसायचं काही कारण नाही.

आता वर्कशॉपला काय सांगायचं. गाडी रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे नेऊन ठेवा, रविवारी बंद असेल तर शनिवारी, आणि सकाळी पहिल्यांदा त्यांनीच चालू करायची, तुम्ही समोर असताना. ही एवढी एक गोष्ट केलीत तर निम्मं भांडण मिटेल. त्याआधी रात्री थंड इंजिनाच्या कूलंट सिस्टिमला पंपाने प्रेशर देऊन ठेवायला सांगा, झाकणावर जेवढं लिहिलंय तेवढंच, जास्त नाही. सकाळी गाडी चालू करायच्या आधी काटा बघायचा, उतरलेला असेल तर प्लग काढून त्या भोकांतून बारीक कॅमेरा आत घालून पिस्टन बघायचे. जुन्या इंजिनात पिस्टनचा माथा काजळीने काळा असतो, ज्या सिलिंडरमधे कूलंट उतरतोय तिथला पिस्टन वाफेने धुतल्यासारखा चकचकीत दिसतो, कधी त्यावर थेंबही दिसतात. हे फोटो मागून घ्या, तुमचा हक्क आहे. गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे नंबर, म्हणजे कोड, वाचायला स्कॅनरही लावतीलच, तेव्हा नुसता 'कोड नाही' असं उत्तर घेऊ नका, दिवा लागलेला नसला तरी पेंडिंग आणि जुने कोड बघायला सांगा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट न पेटणं, ०३०२ दुसऱ्याचा, असं असतं, आणि कोड साठला असेल तर त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम म्हणून एक नोंद राहते, त्यात त्या क्षणी इंजिनाचं तापमान आणि आरपीएम किती होतं ते मिळतं. तापमान हवेइतकंच थंड निघालं की तुमचा सोमवार कागदावर सिद्ध.

दुसऱ्या शक्यता आहेत, नाही असं नाही. नुसताच डॅम्पर खराब असता तर सिग्नलला इंजिन बंद-चालू होताना गरम गाडीतही खडखड आली असती, आणि ईस्टर्न एक्स्प्रेसवरून सायन-कुर्ल्याच्या ट्रॅफिकमधे तुमचं इंजिन दिवसातून कितीतरी वेळा बंद-चालू होतं, तिथे तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, गेलं असतं तर एकच धप्प असा धक्का आला असता. टायमिंग चेन ऑइल वर चढेपर्यंत एक-दोन सेकंद वाजते, पंधरा सेकंद नाही, तरी ऑइलची लेव्हल बघून घ्याच. हीट शील्डचा पत्रा सुटला की टिणटिण असा पातळ आवाज येतो, गाडी हादरत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे विरारहून एक गृहस्थ आले होते, त्यांनाही इंजिन उतरवायला सांगितलेलं, गाडी लिफ्टवर घेतली आणि सायलेन्सरवरच्या पत्र्याचा गंजून खाल्लेला बोल्ट बोटाने हलला, पाइपाभोवती एक स्टीलची क्लॅम्प आवळली, दहा मिनिटांत काम झालं. काका घरी जाताना रस्ताभर खिडकी उघडी ठेवून आवाज ऐकत गेले म्हणे, आलाच नाही. तुमचं प्रकरण मात्र एवढ्यावर सुटेल असं वाटत नाही, खोटा दिलासा देत नाही.

गॅस्केटच निघाली तर नुसती गॅस्केट बदलून गाडी परत घेऊ नका. ती का गेली ते बघायला हवं. बऱ्याच हायब्रिड इंजिनांत जळलेल्या धुराचा काही भाग थंड करून परत आत सोडतात, त्याला ईजीआर म्हणतात, त्याचा कूलर काजळीने चोंदला की आतलं तापमान वाढतं आणि सगळा भार गॅस्केटवर येतो. हेड खोललंयच तर तो कूलर, त्याचा व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्डमधली बारीक भोकं काढून साफ करून घ्या, हेड सपाट आहे का ते मोजायला लावा, वाकलेलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, मगच बसवायचं. लाखभर किलोमीटर झालेल्या कुठल्याही हायब्रिडवाल्याने हा कूलर एकदा उघडून बघितलेला बरा. हेडचं काम खर्चाचं आहे, पण ट्रान्समिशनच्या आकड्याशी तुलना केलीत तर जीव भांड्यात पडेल.

आणि ताई, तोपर्यंत हा आवाज अंगवळणी पाडून गाडी पळवत राहू नका. आज चमचाभर उतरतंय, उद्या वाटीभर उतरलं तर पाणी दाबलं जात नाही, मोटर इंजिन फिरवायला जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग गॅस्केट नाही, आख्खं इंजिन जातं. आठ-पंधरा दिवस ट्रेनने जा. आईंना सांगा, निदान झाल्याशिवाय विकली तर घेणारा दुखणं धरूनच भाव पाडेल, आणि न सांगता विकणं तुम्हालाही आवडणार नाही.

प्रश्न : गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की बोनेटमधून दोन-तीन सेकंद घर्र आवाज येतो. गाडी बंद असते तरी. इंजिनाचं काही आहे का? – ठाण्याहून एक वाचक

उत्तर : इंजिनाचा काही संबंध नाही, काळजी करू नका. तुमची गाडी हायब्रिड असेल तर तो ब्रेकचा पंप आहे. इंजिन बंद असतानाही ब्रेक लागायला हवा म्हणून काही हायब्रिड गाड्यांत प्रेशर विजेच्या पंपाने साठवून ठेवतात, दरवाजा उघडला की गाडी समजते मालक आला, आणि तयारीला लागते. फक्त एक तपासा. गाडी चालू करून, पार्किंगमधे, ब्रेकला पाय न लावता पाच मिनिटं गप्प बसा. पंप अधूनमधून नाही तर दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर साठवलेलं प्रेशर आतल्या आत गळतंय, तेव्हा त्याच दिवशी दाखवा. ब्रेकच्या बाबतीत पुढचा रविवार बघायचा नाही.

प्रश्न : नवीन हायब्रिड घेतलीये. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना अ‍ॅक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढलेला असतानाही मधेच इंजिन जोरात ओरडायला लागतं, बायको-मुलं घाबरली. येताना आलं, जाताना नाही. – गोरेगावहून एक वाचक

उत्तर : गाडी ठणठणीत आहे दादा. उतारावर मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरी भरत असते आणि त्याच कामातून गाडीला रोख मिळतो. घाट लांब आहे, अर्ध्यात बॅटरी भरली की आता वीज ठेवायची कुठे, म्हणून कॉम्प्युटर इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवतो आणि त्याच्या अडथळ्याने वेग रोखतो. आवाज मोठा असतो पण त्यात काही जळत नाही. तुमच्या गाडीत गिअर लिव्हरवर 'बी' असेल तर उतार सुरू होतानाच तो टाका, रोख जास्त मिळेल, ब्रेक कमी तापतील, इंजिनाचा आवाज आधीपासूनच येईल त्यामुळे घरचे दचकणार नाहीत. आवाज नको म्हणून न्यूट्रलमधे मात्र घाट उतरू नका, त्यात बॅटरीही भरत नाही आणि इंजिनाचा रोखही जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, मागे घरचे बसलेले असताना तर नकोच.